‘बाकी सगळं असंच ठेव’: एआय व्हिडिओच्या काळात मोशन पाथ का शिकायचा?

माझा मामेभाऊ नाशिकला ॲनिमेशनचा डिप्लोमा करतोय. दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी त्याला पहिलं पैसे देणारं काम मिळालं. एका मिसळवाल्या काकांना आठ सेकंदांचा व्हिडिओ हवा होता. एक पाव हवेतून गोल वळण घेत यायचा, मिसळीच्या ताटलीत टेकायचा आणि मग दुकानाचं नाव झळकायचं. रीलवर टाकायला आणि काउंटरवरच्या टीव्हीवर चालवायला.

भावाने एका एआय व्हिडिओ ॲपवर दोन ओळी लिहिल्या आणि दहा मिनिटांत व्हिडिओ तयार. खरं सांगतो, दिसायला भारी होता. तर्रीवर वाफ, पावावर सोनेरी उजेड, सगळं. काकांनाही आवडला. फक्त ते म्हणाले, “पाव जरा उंचावरून येऊ दे आणि डावीकडं टेकू दे. बाकी सगळं असंच ठेव.”

इथून पुढे दोन रात्री गेल्या. प्रत्येक नवीन प्रॉम्प्टला नवीन व्हिडिओ यायचा. पाव डावीकडे टेकला की ताटलीचा रंग बदललेला. ताटली तीच राहिली की एकाचे दोन पाव झालेले. दुकानाच्या नावातलं जोडाक्षर दर वेळी वेगळ्या पद्धतीने मोडलेलं. सतरा प्रयत्नांनंतर विकत घेतलेली क्रेडिट्स संपली आणि त्याने मला फोन केला. “दादा, तुला काही सुचतं का?”

त्याच फोनवर मागून मामांचा आवाज आला. “तू इंजिनिअर आहेस, तूच सांग. याच्या दुसऱ्या वर्षाची फी भरू का? हा म्हणतोय आता सगळं एआय करतं, सात दिवसांचा कोर्स केला तरी पुरे.”

मामांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. कारण ते उत्तर एका बारीक ठिपक्यांच्या रेषेत आहे, जी ॲनिमेशनच्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये दिसते आणि जिच्याकडे नवशिके फारसं बघतच नाहीत. तिचं नाव मोशन पाथ.

आत्ताच हा विषय का?

कारण व्हिडिओ बनवणारं एआय आता खिशात आलंय. ३० ऑक्टोबर २०२५ ला गुगल आणि रिलायन्सने जाहीर केलं की जिओच्या अनलिमिटेड ५जी ग्राहकांना जेमिनीचा प्रो प्लॅन १८ महिने मोफत मिळेल, आणि सुरुवात १८ ते २५ वयाच्या मुलामुलींपासून होईल. त्या प्लॅनमध्ये व्हिओ हे व्हिडिओ बनवणारं मॉडेलही होतं. त्याच्या महिनाभर आधी, ३० सप्टेंबरला ओपनएआयने सोरा २ आणलं होतं. म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या ज्या पोरापोरींनी कधी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडलंही नाही, त्यांच्या हातात थेट तयार व्हिडिओ देणारं यंत्र आलं.

दुसऱ्या बाजूला काय घडलं? मार्च २०२५ मध्ये ‘फ्लो’ या लॅटव्हियातल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. गिंट्स झिल्बालोडिस हे त्याचे दिग्दर्शक. एक मांजर, एक कुत्रा, एक कॅपिबारा आणि पूर. संवाद एकही नाही. चित्रपट बनला ब्लेंडरमध्ये, म्हणजे तुम्ही-मी आज रात्री फुकट डाउनलोड करू शकतो त्याच सॉफ्टवेअरमध्ये. त्यातल्या प्राण्यांची हालचाल ॲनिमेटरांनी हाताने, फ्रेम बघत बघत बसवली.

एकाच वर्षातल्या या दोन बातम्या. एक सांगते, शिकायची गरज नाही, नुसतं मागा. दुसरी सांगते, फुकटच्या सॉफ्टवेअरवर मन लावून शिकलात तर ऑस्करपर्यंत जाता येतं. मामांचा गोंधळ चुकीचा नव्हता.

मोशन पाथ म्हणजे नक्की काय?

पतंग उडताना आपल्याला पतंग दिसतो, पण तो ज्या वाटेने गेला ती वाट दिसत नाही. समजा पतंगाने हवेत मागे रेघ सोडली असती, तर ती रेघ म्हणजे मोशन पाथ.

ॲनिमेशनमध्ये आपण प्रत्येक फ्रेम स्वतः बसवत नाही. ठरावीक जागी कीफ्रेम लावतो. पहिल्या फ्रेमला पाव इथे, बाराव्या फ्रेमला तिथे, चोविसाव्याला ताटलीत. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं. भरताना ते सहसा बेझिए वक्र वापरतं. १९६०च्या आसपास फ्रान्समध्ये सिट्रोएनचे पॉल द कास्तेल्झो आणि रेनोचे पिएर बेझिए यांनी गाड्यांचे पत्र्याचे बाक गणितात बसवण्यासाठी ही पद्धत वेगवेगळी शोधली होती. गाडीच्या बॉनेटसाठी शोधलेलं गणित आज तुमच्या रीलमधला पाव उडवतं.

सॉफ्टवेअरने भरलेली ही वाट स्क्रीनवर रेषा म्हणून दाखवली की झाला मोशन पाथ. त्यावर बहुधा तीन गोष्टी दिसतात:

- रेषा: वस्तू कुठून कुठे जाते.
- मोठे ठिपके किंवा चौकोन: तुम्ही लावलेल्या कीफ्रेम.
- बारीक ठिपके: प्रत्येक फ्रेमला वस्तू कुठे आहे.

नवशिके फक्त रेषा बघतात. पण सगळी गंमत बारीक ठिपक्यांत आहे.

ठिपके वाचायला शिका

साधा हिशोब करू. तुम्ही चेंडू सरळ वर फेकला आणि तो बरोबर एका सेकंदाने हातात परत आला. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर वर जायला १२, खाली यायला १२. शाळेतलं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र लावलं तर चेंडू साधारण १.२ मीटर वर जातो. आता फ्रेम-फ्रेम बघा. हातातून सुटल्यावर पहिल्या फ्रेममध्ये तो जवळजवळ २० सेंटिमीटर वर सरकतो. आणि टोकाला पोचण्याआधीच्या शेवटच्या फ्रेममध्ये? जेमतेम १ सेंटिमीटर.

म्हणजे खाली ठिपके लांब लांब, वर एकमेकांना चिकटलेले. ठिपके लांब म्हणजे वेग जास्त, जवळ म्हणजे वेग कमी. एवढा एकच नियम लक्षात ठेवलात तरी व्हिडिओ प्ले न करता तुम्हाला कळेल की हालचाल कुठे खोटी वाटणार आहे. ठिपके सगळीकडे सारख्या अंतरावर असतील तर तुमचा पाव हवेतून येत नाहीये, सरकत्या पट्ट्यावरून येतोय.

डिस्नेचे जुने ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं एक तत्त्व कमानींचं आहे. सजीवांच्या हालचाली सरळ रेषेत होत नाहीत, कमानीत होतात. हात वर करून बघा, बोटाचं टोक सरळ रेषेत जात नाही, कारण खांदा आणि कोपर दोन्ही फिरतात. संगणक नव्हता तेव्हा ॲनिमेटर कागदांची चळत उजेडाच्या टेबलावर ठेवून ही कमान तपासायचे. फोनवर फ्लिपाक्लिप वापरलं असेल तर त्यातलं ओनियन स्किन, म्हणजे मागच्या फ्रेम फिकट दिसणं, ही त्याच टेबलाची नक्कल आहे. मोशन पाथ त्याच्या पुढची पायरी. चित्रं बाजूला आणि फक्त वाट समोर.

दोन वक्र, आणि त्यांच्यातली गल्लत

आता जरा टेक्निकल, पण पळू नका. हालचालीत दोन वेगळे प्रश्न असतात. वाटेचा आकार कसा आहे? आणि त्या वाटेवर वस्तू कधी कुठे पोचते? पहिला प्रश्न जागेचा, दुसरा वेळेचा. नाशिकहून पुण्याला कुठल्या रस्त्याने गेलात आणि संगमनेरला किती वाजता चहा घेतलात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता तोच ठेवून वेग बदलता येतो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये हे दोन्ही वेगळे सांभाळता येतात. वाटेचा आकार व्हिडिओच्या चौकटीतच दिसतो, कीफ्रेमला धरून हँडल ओढली की वाट वाकते. वेग मात्र टाइमलाइनमधल्या ग्राफमध्ये बदलायचा.

इथेच एक चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी करतो. वस्तू एका जागी आणायची, थोडा वेळ थांबवायची आणि पुढे न्यायची आहे. म्हणून तुम्ही त्याच जागेच्या दोन कीफ्रेम लावता. प्ले केलं तर वस्तू थांबायच्या ऐवजी हळूच बाहेर सरकते आणि परत येते. डोकं चक्रावतं, कारण दोन्ही कीफ्रेमचे आकडे तर अगदी सारखे आहेत! कारण असं, की सॉफ्टवेअर मुळात वाट गोलसर ठेवायचा प्रयत्न करतं, आणि त्या गोलाईसाठी थांब्याच्या जागीही छोटा फेरा मारतं. आकड्यांच्या तक्त्यात हा फेरा कधीच दिसत नाही. मोशन पाथवर झूम केलं की बारीक वळसा लगेच दिसतो. हँडल आत ओढून टाकली किंवा ती कीफ्रेम सरळ प्रकारची केली की प्रश्न मिटतो.

मी रोजच्या नोकरीत मोबाइल ॲप बनवतो. तिथेही हेच. वस्तू कार्टमध्ये टाकली की तिचं चित्र उडत कार्टच्या चिन्हाकडे जातं ना, त्यालाही वाट असते. अँड्रॉइडच्या मोशनलेआउटमध्ये ती वाट स्क्रीनवर दाखवायची खास सेटिंग आहे. ती सुरू केल्यावर दोन दिवस न सापडलेली गडबड मला दोन मिनिटांत सापडलेली आहे. कोड वाचून न कळणारी चूक रेषा बघून कळते.

बघणं वेगळं, बदलणं वेगळं

पुन्हा पावाकडे येऊ. रविवारी भाऊ लॅपटॉप घेऊन पुण्याला माझ्याकडे आला. आम्ही ब्लेंडर उघडलं. ताटलीचा फोटो काकांच्याच दुकानातला घेतला, पाव वेगळा कापून घेतला, वाफेचा छोटा व्हिडिओ वर ठेवला, नाव साध्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं. पावाला तीन कीफ्रेम लावल्या. मग ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये मोशन पाथ्स, तिथे कॅल्क्युलेट. रेषा आली.

भाऊ लगेच माउसने रेषा ओढायला गेला. काहीच झालं नाही.

ब्लेंडरचा हा जुना अडसर आहे. मी वापरलेल्या आवृत्त्यांमध्ये ही रेषा फक्त बघण्यासाठी आहे. वाट बदलायची तर त्या फ्रेमवर जा, वस्तू हलवा, कीफ्रेम पुन्हा लावा, बऱ्याचदा रेषाही अपडेट करायला सांगा. किंवा ग्राफ एडिटरमध्ये जाऊन एक्स, वाय, झेड अशा तीन वेगळ्या वक्रांशी झगडा. डोळ्यांसमोर एक कमान आहे, पण हातात तीन वेगळे दोरे, असा प्रकार. माया या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा थेट ओढून बदलायची सोय २०१२ च्या आवृत्तीपासून आहे. ब्लेंडरसाठी काही ॲड-ऑन तशी सोय देतात.

रेषा दाखवण्याच्या बाबतीत मात्र ब्लेंडर सुधारत गेलंय. ४.२ आवृत्तीपासून मोशन पाथ कॅमेऱ्याच्या नजरेतून काढता येतो. याचं महत्त्व समजून घ्या. माणूस चालतोय आणि कॅमेराही त्याच्याबरोबर सरकतोय. त्रिमितीत त्याच्या हाताची वाट लांबलचक नागमोडी दिसेल. पण प्रेक्षकाला स्क्रीनवर जे दिसतं ते वेगळंच असतं. कमान सुंदर हवी ती प्रेक्षकाच्या स्क्रीनवर.

आम्ही दुसरा मार्ग घेतला. आधी वाट म्हणून एक वक्र काढला, मग पावाला ‘फॉलो पाथ’ लावून त्या वक्रावर चढवलं. तिथे फिक्स्ड पोझिशन निवडलं की एक आकडा मिळतो. शून्य म्हणजे वाटेची सुरुवात, एक म्हणजे शेवट. कीफ्रेम फक्त त्या आकड्याला लावायच्या. आता वाटेचा आकार वक्राच्या बिंदूंमध्ये आणि वेग त्या एका आकड्यात. दोन्ही प्रश्न सुटे झाले.

काकांची दुरुस्ती किती वेळात झाली असेल? मधला बिंदू वर उचलला, शेवटचा डावीकडे सरकवला. दोन बिंदू. ताटली, वाफ, नाव, काहीही हललं नाही. सेटअपला दुपार गेली, दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, त्यातली बरीचशी रेंडरची. व्हिडिओ एआयवाल्याइतका चकचकीत नव्हता, हे मान्य. पण काकांनी जे मागितलं होतं तेच त्यात होतं. नंतर त्यांनी अजून दोन बदल सांगितले, तेही झाले. पैसे मिळाले.

एआयला ‘जरा वर’ का कळत नाही?

याचा अर्थ एआय बिनकामाचं आहे का? अजिबात नाही. पण ते आतून वेगळं चालतं, हे समजलं की अपेक्षाही नीट ठेवता येतात.

ब्लेंडरच्या फाइलमध्ये ‘पाव’ नावाची एक वस्तू असते. तिची जागा हा एक आकडा असतो. तो बदलला की फक्त तेवढंच बदलतं. आजची बहुतेक व्हिडिओ मॉडेल गोंगाटापासून, म्हणजे टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तशा ठिपक्यांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने सगळ्या फ्रेम एकत्र साफ करत नेतात. शेवटी जे उरतं ते रंगांचे ठिपके. त्यात पाव आहे असं आपल्याला दिसतं, पण ‘पाव, उंची अमुक’ अशी नोंद आपल्या हाती कुठेच येत नाही. मग बदलणार काय? पुन्हा मागायचं, एवढाच रस्ता राहतो. आणि पुन्हा मागितलं की सगळाच व्हिडिओ नव्याने तयार होतो. ‘बाकी सगळं असंच ठेव’ यातलं ‘बाकी सगळं’ त्याने वेगळं काढून ठेवलेलंच नसतं.

त्यात शब्दांचीही मर्यादा आहे. ‘जरा उंचावरून’ म्हणजे किती? काकांनी हे हाताने हवेत वळण काढून दाखवलं होतं. ते वळण वाक्यात लिहून दाखवा बरं. अवघड आहे. पण बोटाने स्क्रीनवर काढायला दोन सेकंद पुरतात.

आणि हीच गोष्ट एआय कंपन्यांनाही कळलेली आहे. रनवेने २०२३ च्या शेवटी मोशन ब्रश आणला. चित्राचा भाग रंगवायचा आणि तो कुठल्या दिशेने हलावा ते स्लायडरने सांगायचं. २०२४ मध्ये क्लिंगच्या मोशन ब्रशमध्ये वस्तूवर ब्रश फिरवून तिची वाट रेषेने काढायची सोय आली. डिसेंबर २०२४ मध्ये गुगल डीपमाइंड आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘मोशन प्रॉम्प्टिंग’ नावाचा शोधनिबंध मांडला. त्यात व्हिडिओ मॉडेलला शब्दांबरोबर बिंदूंच्या वाटा दिल्या जातात. कुठला बिंदू कुठल्या फ्रेमला कुठे असावा, अशा.

ओळखीचं वाटलं ना? हा मोशन पाथच आहे. नुसत्या शब्दांनी भागेना, म्हणून सगळ्यात नवं तंत्रज्ञान पुन्हा त्या जुन्या रेषेकडे आलं.

फरक एकच, पण मोठा. ब्लेंडरमधली वाट हा हुकूम असतो, पाव तिथूनच जाणार. एआयला दिलेली वाट ही विनंती असते. बऱ्याचदा ऐकेल, कधी अर्धवट ऐकेल, आणि बाकीचं चित्र बदलणार नाही याची खात्री नाही. पुढे हे सुधारत जाईल असं मला वाटतं. पण सुधारलं तरी वाट काढणारा माणूस लागेलच. आणि एआयने चुकीची वाट घेतली तर ‘काहीतरी खटकतंय’ एवढं म्हणून थांबणारा आणि ‘टोकाजवळ ठिपके पुरेसे दाटत नाहीत, म्हणून पाव हलका वाटतोय’ असं बोट ठेवून सांगणारा, यातला दुसरा माणूस कामाचा.

मग धोका कोणाला?

गोड बोलून वेळ मारून न्यायची नाही. ॲनिमेशनमधली काही कामं कमी होणार, हे मला दिसतंय. ज्या कामात दुरुस्ती फारशी मागितली जात नाही, म्हणजे मागची दृश्यं, सणाच्या शुभेच्छांचे व्हिडिओ, एकदाच वापरून सोडून द्यायच्या क्लिप, तिथे एआय स्वस्त आणि पुरेसं आहे. अशी कामं घेऊन अनेक पोरं आपला पहिला खर्च काढायची. ती पायरी निसटते आहे आणि त्याची काळजी वाटायलाच हवी.

पण जिथे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फोन करतं, तिथे गणित बदलतं. जाहिरात, चित्रपट, गेम, शिकवण्याचे व्हिडिओ, ॲपमधली ॲनिमेशन, या सगळ्यात पहिला व्हिडिओ म्हणजे कामाची सुरुवात असते. खरं काम दुरुस्त्यांमध्ये असतं. एका पात्राचा हात चार फ्रेम आधी थांबवा, चेंडूची कमान दोन इंच खाली घ्या, बाकी सगळं तसंच. हे ज्याला खात्रीने करता येतं, त्याला पैसे मिळतात.

सरकारही या क्षेत्रात उतरलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी मुंबईत राष्ट्रीय केंद्र उभारायला मंजुरी दिली. तेच आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखलं जातं. माझं मत असं की सरकारी असो की खासगी, कुठल्याही कोर्सला जाताना एकच प्रश्न विचारा. तुम्ही मला बटणं शिकवणार आहात की हालचाल? बटणं दर दोन वर्षांनी बदलतात. चेंडू वर जाताना ठिपके का दाटतात, हे बदलत नाही.

आज फोनवर काय करून बघता येईल?

लॅपटॉप नसेल तरी चालेल. हे चार प्रयोग फुकटात होतात:

1. चेंडू आणि स्लो मोशन: फोन स्टँडवर किंवा पुस्तकाला टेकवून स्थिर ठेवा. मित्राला चेंडू वर फेकायला सांगा. व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे नेत चेंडू कुठे कुठे आहे ते स्क्रीनवर ट्रेसिंग पेपर धरून टिपा. तुमचा पहिला मोशन पाथ हाताने तयार.
2. कॅनव्हा: एखादं चित्र घ्या, ॲनिमेटमध्ये जाऊन ते बोटाने ओढत वाट काढा. एकदा सरळ, एकदा कमानीत. दोन्ही लागोपाठ बघा. फरक सांगावा लागणार नाही.
3. फ्लिपाक्लिप: ओनियन स्किन सुरू करून बारा फ्रेममध्ये उसळणारा चेंडू काढा. मग तोच चेंडू सारख्या अंतरावर ठेवून काढा. कुठला खरा वाटतो?
4. एआय व्हिडिओ तपासा: आवडलेली एखादी एआय क्लिप घ्या. पडणारी, उडणारी, फेकलेली वस्तू शोधा आणि पहिल्या प्रयोगासारखे ठिपके टिपा. कमान मध्येच तुटते का? वेग अचानक बदलतो का? चूक सापडली की तुमचा डोळा तयार होतोय असं समजा.

लॅपटॉप मिळाला तर ब्लेंडर टाका आणि ‘फॉलो पाथ’वर एक पाव, चेंडू किंवा पतंग चालवा. सुरुवातीला स्क्रीन बघून घाबरायला होतं. मलाही झालं होतं. पहिल्या आठवड्यात फक्त वाट आणि ठिपके, एवढंच बघा.

मामांना काय सांगितलं?

मी सांगितलं, “मामा, फी भरा. पण एक अट घाला. वर्षाअखेर त्याने तुम्हाला एक मिनिटाचं ॲनिमेशन दाखवायचं, आणि तुम्ही त्यात कुठलाही एक बदल सांगायचा. बाकी काहीही न हलवता तो बदल त्याला करता आला, तर पैसे वाया गेले नाहीत.”

मामांना ॲनिमेशनमधलं काही कळत नाही, पण ही परीक्षा त्यांना लगेच कळली. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, बाही अर्धा इंच कमी करा. त्यासाठी कोणी नवीन शर्ट शिवत नाही.

भाऊ एआय सोडणार नाहीये, सोडूही नये. मागचं दृश्य, वाफ, उजेड यासाठी तो ते वापरतो. पण पाव कुठून येणार आणि कुठे टेकणार, ती रेषा आता तो स्वतः काढतो. परवा त्याने काकांच्या पुढच्या कामाचा स्क्रीनशॉट पाठवला. या वेळी लिंबाची फोड होती. व्हिडिओ नव्हताच, फक्त ठिपक्यांची कमान. खाली लिहिलं होतं, “दादा, वरचे ठिपके अजून दाट हवेत ना?”

हवे होते.